संगणकाचे बिऱ्हाड हलविताना

वाचकहो, बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग आपणांपैकी बहुतेकांवर केव्हा ना केव्हा आलाच असेल. बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना तर तो दर तीन-चार वर्षांनी ठरलेलाच. नवे घर जुन्यापेक्षा ऐसपैस असते, हवेशीर असते, नळाला वेळेवर पाणी येते. आणि तरीही सामान बांधावयाच्या दिवशी घरातील वडील माणसांच्या कपाळावर आठी असतेच. भांडीकुंडी मोजून ठेवलेली असतात, त्यांची काळजी नसते. काळजी असते ती मोजदादीत न आलेल्या वस्तूंची : कपाटाच्या मागल्या खणातील जुनी पत्रे, फडताळातील औषधाची चिठ्ठी, आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहून ठेवलेली मुलांची उंची. ही शेवटची वस्तू तर कोणत्याच ट्रंकेत भरता येत नाही.

कचेरीतील संगणकावर जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जागी नवी आणणे हा असाच बिऱ्हाड हलविण्याचा प्रकार आहे, असे आता मला अनुभवाने वाटू लागले आहे. आमच्या गावातील मराठी वाचनालयाचा मी मानद चिटणीस. गाव महाराष्ट्राबाहेरचे, मराठी कुटुंबे मोजकी, पण चार पिढ्यांची. वाचनालयाच्या कचेरीत दोन संगणक आहेत, आणि २०२५ सालच्या पावसाळ्यात या दोहोंचे बिऱ्हाड हलविण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. त्या कामात आम्ही जे शिकलो, त्यातील बराचसा भाग चुका करून शिकलो. आपल्या कचेरीत, शाळेत, दवाखान्यात किंवा पेढीवर हेच काम निघाले असेल अथवा निघणार असेल, तर निदान आपणांस तरी त्या चुका टाळता याव्यात, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रथम ही ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. आपण कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटते. छापण्याची आज्ञा दिली की प्रिंटर कागद ओढून घेतो. गेल्या वर्षीचा हिशेब मागितला की तो नेमका ठेवला होता तेथेच सापडतो. यंत्राचे भाग आणि आपली कामाची साधने यांच्यामधील ही देवघेव अहोरात्र सांभाळणारी जी मूळ आज्ञावली, ती ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्याकडील बहुसंख्य कचेऱ्यांत ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. तिची विंडोज १० ही आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी आली आणि विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी कंपनीने विंडोज १० चा सर्वसाधारण सांभाळ थांबविला.

'सांभाळ थांबविला' याचा अर्थ पुष्कळांना नीट उमगत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. १५ ऑक्टोबरच्या सकाळी विंडोज १० चे संगणक नेहमीप्रमाणेच सुरू झाले. पत्रे लिहिली गेली, पावत्या छापल्या गेल्या. मग बिघडले काय? बिघडले ते असे की, एवढ्या अवाढव्य आज्ञावलीत राहून गेलेली छिद्रे सतत सापडत असतात. ती बुजविण्याची ठिगळे कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पाठवीत असते. सांभाळ संपला म्हणजे ठिगळे येणे संपते. छिद्रे सापडणे मात्र संपत नाही. उलट, नव्या आवृत्तीतले एखादे छिद्र बुजविले गेले की जुन्या आवृत्तीतही ते कोठे असावे, याचा माग चोराला आयताच मिळतो. ज्यांना लगोलग बदल करणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी कंपनीने ज्यादा मुदत ठरविली : घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आणि संस्थांना पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षे. पण मुदत ही मुदतच. तिच्या शेवटी काम तेवढेच उरते.

हे भय काल्पनिक आहे, असे कोणी म्हणेल. त्याने २०१७ हे साल आठवावे.

त्या वर्षी १२ मे रोजी, शुक्रवारी, इंग्लंडमधील सार्वजनिक रुग्णालयांच्या संगणकांवर एक लाल चौकट उमटली : तुमचे कागदपत्र कुलूपबंद केले आहेत, सोडवावयाचे असतील तर खंडणी भरा. वॉनाक्राय असे त्या किडीचे नाव. थोड्याच दिवसांत सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक तिने धरले. डॉक्टरांना रोग्यांचे अहवाल उघडता येईनात. ठरलेल्या हजारो तपासण्या रद्द कराव्या लागल्या. काही रुग्णालयांना रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. ज्या छिद्रातून ही कीड शिरली ते बुजविणारे ठिगळ कंपनीने १४ मार्च रोजीच, म्हणजे आठ आठवडे अगोदर, देऊन ठेवले होते. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपलेला असल्यामुळे प्रथम सगळा दोष तिच्या माथी मारण्यात आला. मागाहून चौकशीत निघाले ते निराळेच. त्या रुग्णालयांतील बाधित संगणकांत बहुतेक विंडोज ७ चे होते. म्हणजे सांभाळ चालू असलेले, परंतु ठिगळ न लावलेले. औषध कपाटात होते, घेतले मात्र गेले नव्हते.

सहाच आठवड्यांनी, २७ जून २०१७ रोजी, नॉटपेट्या नावाची दुसरी कीड आली आणि तिची झळ आपल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोचली. तेथील एक टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडे होते. कंपनीची संगणकयंत्रणा कोलमडताच त्या टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. या किडीची सुरुवात झाली होती युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीतून, आणि तीही त्या आज्ञावलीच्या नव्या सुधारणेच्या पोटात शिरून! तेव्हा 'नवे ते सगळे निर्धोक' असे मी आपणांस सांगणार नाही. १९ जुलै २०२४ चा दिवसही आपणांस आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाएकी निळ्या पडद्यावर अडकले, आणि आपल्याकडील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घेऊन विमानात बसावे लागले. बदलाला भिणारी माणसे अडाणी असतात असे नाही, ती बहुधा एकदा पोळलेली असतात. तरीही या दोन भयांपैकी एक निवडावयाचे झाले, तर न बदलण्याचे भय अधिक मोठे, असे माझे मत आहे. कारण बदलाचा दिवस आपण निवडतो, चोरीचा दिवस चोर निवडतो.

दोन संगणकांच्या दोन तऱ्हा

आमच्या दोन संगणकांपैकी पहिला २०१६ साली घेतलेला. तो धडधाकट होता. पण विंडोज ११ ला तो चालेना. या आवृत्तीला किमान ४ गिगाबाइट स्मृती आणि ६४ गिगाबाइट साठवण लागते, ती आमच्याकडे होती. अडले ते दोन ठिकाणी. एक म्हणजे प्रोसेसर : इंटेलचा असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून बाजारात आलेल्या घराण्यातला, लागतो, आमचा सहाव्या पिढीचा. दुसरे म्हणजे टीपीएम नावाची सोय, आणि तीही २.० या दर्जाची. यंत्राच्या गुप्त किल्ल्या बाकीच्या कारभारापासून अलग जपून ठेवणारी ही एक चिमुकली तिजोरी असते. आपले यंत्र पात्र आहे की नाही, हे मायक्रोसॉफ्टचेच 'पीसी हेल्थ चेक' नावाचे छोटे साधन दोन मिनिटांत सांगते. ते आधी चालवून पाहावे आणि मगच पुढील बेत करावेत. पुष्कळदा टीपीएम यंत्रात असते, पण बंद करून ठेवलेले असते. तेव्हा 'नाही' असे उत्तर आले म्हणून लगेच नवे यंत्र विकत घेण्याची घाई करू नये.

"काका, नियमाला बगल देऊन टाकता येतं. करून देऊ का?" असे संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाने मला विचारले. तसे करता येते, हे खरे. परंतु अशा अपात्र यंत्राला पुढची ठिगळे मिळतीलच, अशी हमी कंपनी देत नाही. आणि ठिगळांसाठीच तर हा सारा खटाटोप! मी नको म्हटले. त्या यंत्रावर आम्ही लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम घातली. तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत, आणि जुन्या यंत्रावरही ती सुखाने चालते. हा काही धाडसी प्रयोग नव्हे. केरळमधील सरकारी शाळांतून मुक्त आज्ञावलींवर अनेक वर्षे शिक्षण चालत आले आहे. आमच्या वाचकांना वर्तमानपत्रे वाचावयाची असतात, मुलांना अर्ज भरावयाचे असतात. एवढ्यासाठी ते यंत्र आणखी काही वर्षे सहज पुरेल. मराठी लिहिण्याचा कळफलकही तोच, इनस्क्रिप्ट. भारत सरकारच्या पुढाकाराने १९८६ मध्ये ठरलेल्या या मांडणीत मराठी, बंगाली, तमिळ, मल्याळम अशा सर्वच लिप्यांचा 'क' एकाच कळीवर असतो. त्यामुळे आमच्याकडे येणारी शेजारची बंगाली मुलगीही पहिल्याच दिवशी आपली भाषा लिहू लागली.

दुसरा संगणक २०१९ चा. तो सर्व कसोट्यांना उतरला आणि आम्ही निश्चिंत झालो. खरी गोष्ट घडली ती या दुसऱ्या संगणकावरच.

विंडोज १० दोन प्रकारची मिळे : ३२ बिटांची आणि ६४ बिटांची. आमच्याकडे वर्गणीच्या हिशेबाची एक फार जुनी, डॉसच्या काळातली आज्ञावली होती. ती ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही, म्हणून २०१९ साली आम्ही मुद्दाम ३२ बिटांची विंडोज घालून घेतली होती. विंडोज ११ मात्र केवळ ६४ बिटांचीच आहे. आणि ३२ वरून ६४ वर जावयाचे तर सामान जागच्या जागी ठेवून जाता येत नाही, घर पूर्ण रिकामे करून, झाडून, नव्याने मांडावे लागते. आपल्याकडे आधीपासून ६४ बिटांची विंडोज असेल तर आपले काम पुष्कळच सोपे आहे. आपल्या आज्ञावली व कागदपत्र कायम ठेवून नवी आवृत्ती वरच्या वर चढते. मन न मानल्यास सामान्यतः दहा दिवसांपर्यंत मागे फिरण्याची वाटही उघडी राहते. आम्हांला ती वाट नव्हती. वर्गणीच्या आज्ञावलीचे मी फार दुःख केले नाही. तिच्यातील नोंदी आधीच छापून काढून साध्या तक्त्यात उतरवून घेतल्या होत्या.

कामाच्या दिवशी तो मुलगा म्हणाला, "काका, सगळ्या फाइली कॉपी केल्यात. आता फॉरमॅट मारतो आणि विंडोज टाकतो. दोन तासांचं काम."

"ग्रंथसूची घेतलीस ना, बाळ?"

"ती तर पहिल्यांदा घेतली."

आणि त्याने ती खरोखरच घेतली होती. येथे त्याची बाजू मला स्पष्ट करून सांगितली पाहिजे. त्याने एकही फाइल मागे ठेवली नव्हती. संध्याकाळी नवा पडदा झळकला, प्रिंटरने चाचणीचा कागद छापला, आम्ही चहा मागविला. मग मी ग्रंथसूची उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, डॉलरची चिन्हे, कंस, स्वल्पविराम यांची निरर्थक गर्दी उसळली होती. अकरा हजार नोंदी. त्यांत मराठीचे एक अक्षर नव्हते.

अक्कांची सूची

ही सूची आमच्या दिवंगत ग्रंथपाल बाईंनी केलेली. सारे गाव त्यांना अक्का म्हणे. २००२ पासून सहा वर्षे, वाचनालय बंद झाल्यावर रोज तासभर बसून, कार्डावरची एकेक नोंद त्यांनी संगणकात घातली. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशन, किंमत हे तर झालेच. पण शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना त्यांनी स्वतःच्या कल्पनेने ठेवला होता. कोणते पुस्तक कोणी कोणाच्या स्मरणार्थ दिले, कोणाच्या घरून कोणत्या साली परत यावयाचे राहिले, कोणत्या प्रतीची आठ पाने वाळवीने खाल्ली म्हणून ती हाताने लिहून लावली, हे सारे त्या रकान्यात होते. मूळ कार्डे पुढे छत गळून भिजली आणि टाकून द्यावी लागली. पुस्तकाचे नाव मुखपृष्ठावरून पुन्हा लिहिता येईल. अक्कांचा शेरा दुसरीकडे कोठेच नव्हता. लेखाच्या आरंभी मी चौकटीवरच्या उंचीच्या खुणांचा उल्लेख केला, तो उगीच नव्हे.

असे का झाले, हे आपण समजून घेतले पाहिजे. कारण ज्या ज्या मराठी कचेरीत २००० सालाच्या आगेमागे संगणकाचे काम सुरू झाले, तेथील कपाटांत असे कागद आजही असण्याचा संभव आहे. त्या काळच्या पुष्कळ मराठी फॉन्टांची युक्ती साधी होती. संगणकाला माहीत असे ते इंग्रजी अक्षर. त्या अक्षराच्या घरात फॉन्ट बनविणाऱ्याने मराठी आकार बसवून दिलेला असे. संगणक आपल्या समजुतीप्रमाणे इंग्रजी अक्षरच साठवी, आणि फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवी. मुखवटा काढला की खाली उरते ते इंग्रजी. शिवाय प्रत्येक कंपनीची घरे निराळी. एकीच्या फॉन्टात 'क' जेथे, दुसरीच्या फॉन्टात तेथे 'ळ'. आमच्या संगणकावरचा मुखवटा, म्हणजे ती फॉन्टची फाइल, अक्कांच्या कागदांत नव्हतीच. ती विंडोजच्या स्वतःच्या कप्प्यात होती, आणि तो कप्पा घर झाडताना पुसला गेला होता. आम्ही भांडी मोजली होती, चौकट मोजली नव्हती.

आम्हांला वाचविले ते आमच्या खजिनदारांनी. हे गृहस्थ रेल्वेच्या मालखात्यातून निवृत्त झालेले. आदल्या आठवड्यात, काय काय कॉपी करावे याची मी यादी करीत असता ते म्हणाले होते, "चिटणीससाहेब, निवडून माल कशाला उतरवता? काय राहिलं ते राहिल्यावरच कळतं. डबाच्या डबा बाजूला काढा." त्यांच्या हट्टाखातर आम्ही एक बाहेरची हार्ड डिस्क विकत आणून सबंध संगणकाची, विंडोजसकट, हुबेहूब प्रत काढून ठेवली होती. मला तो खर्च तेव्हा फाजील वाटला होता, हे येथे कबूल करतो. त्या प्रतीत, विंडोजच्या फॉन्टांच्या कप्प्यात, ती एवढीशी फाइल निघाली. ती नव्या संगणकावर बसविताच अक्कांची अकरा हजार अक्षरबद्ध पुस्तके एका क्षणात पडद्यावर उभी राहिली. खजिनदार काही बोलले नाहीत; त्यांनी फक्त थंड झालेला चहा पुन्हा गरम करावयास सांगितला.

म्हणून माझी आपणांस विनंती अशी की, आपल्या कचेरीत हे काम निघाल्यास यादीवर विसंबू नका. सबंध डबा बाजूला काढा, आणि काढलेली प्रत दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून, निदान दोन-चार जुने मराठी कागद वाचून पाहा. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. काही जुन्या मराठी प्रणालींबरोबर यंत्राला लावावयाचे एक लहानसे कुलूप मिळे. तेही टेबलाच्या खणातून शोधून ठेवा. जुन्या डॉटमॅट्रिक्स प्रिंटरला नव्या विंडोजसाठी चालक आज्ञावली मिळते की नाही, याची चौकशी आधी करा.

आणखी एक गोष्ट, फार महत्त्वाची. विंडोज ११ च्या २०२४ मध्ये आलेल्या '२४एच२' या आवृत्तीपासून, नव्याने घातलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास, पात्र यंत्रावरील सारा मजकूर आपोआप सांकेतिक भाषेत बंद होतो. यंत्र चोरीला गेले तर हे वरदानच. परंतु पुढे यंत्राच्या अंतर्भागात काही बदल झाला तर ते एके दिवशी आपल्याजवळच ४८ अंकी किल्ली मागते, आणि ती नसेल तर मालकालाही आत प्रवेश नाही. ही किल्ली त्या खात्यात जतन झालेली असते. पण खाते कोणाचे? पुष्कळ संस्थांत ते एखाद्या माजी कर्मचाऱ्याच्या नावे असते, आणि तो आता दुसऱ्या गावी असतो. आम्ही खाते वाचनालयाच्या नावे उघडले, ते ४८ अंक दोघांनी वाचून ताडून पाहिले, आणि इतिवृत्ताच्या वहीबरोबर लोखंडी कपाटात ठेवून दिले. संगणकाच्या जमान्यात कागद, वही आणि कपाट यांच्याकडे परत जावे लागते, याची मला मौज वाटते.

फॉन्ट सापडला तरी काम संपले नव्हते. मुखवट्याच्या भरवशावर आणखी किती वर्षे राहावयाचे? म्हणून सूची युनिकोडमध्ये आणावयाचे ठरले. युनिकोड ही जगातील लिप्यांना स्वतःचे कायमचे क्रमांक देणारी व्यवस्था. तिची पहिली आवृत्ती १९९१ सालची, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी भारतातच तयार झालेल्या इस्की या मानकाच्या १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली आहे. तिच्यात 'क' चा क्रमांक 'क' चाच असतो. मुखवटा कोणताही चढवा, खाली 'क' च उरतो. विंडोज २००० पासून ही सोय देवनागरीसाठी मिळू लागली. तिच्यातील 'मंगल' हा फॉन्ट सुप्रसिद्ध सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला. आपण सरकारी पत्रांत तो शेकडो वेळा पाहिला असेल. ही व्यवस्था वाढतीही आहे. रुपयाचे ₹ हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये आले. ते संगणकांवर उमटावे, यासाठीही ऑपरेटिंग सिस्टिमला सुधारणा घ्याव्या लागल्या.

जुन्या फॉन्टातून युनिकोडात नेणाऱ्या आज्ञावली मिळतात. आमच्या अकरा हजार नोंदी काही मिनिटांत पालटल्या. पण त्या वाचावयास घेतल्यावर खरे काम कळले. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविलेली असे, जशी ती दिसते तशी. युनिकोडात ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. रफाराची गत याच्या उलट. पालटताना कोठे वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेली, कोठे रफार एक घर चुकला. सर्वांत गंमत केली ती मराठीच्या खास अर्ध्या 'ऱ' ने. एका पुस्तकाच्या शेऱ्यात 'आचार्यांच्या हस्ते भेट' असे होते. त्याचे 'आचाऱ्यांच्या हस्ते भेट' झाले, आणि एका विद्वान गृहस्थांची रवानगी स्वयंपाकघरात झाली! 'ॲ' हे अक्षर तर २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले. त्याआधीच्या रीतीने 'अ' वर चंद्र काढून ते केले, तर डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण शोध घेताना संगणक त्यांना दोन निराळी अक्षरे समजतो. एखादे पुस्तक सूचीत असूनही सापडत नाही, ते यामुळे. असे दोष यंत्राला कळत नाहीत. ते वाचणाऱ्या माणसालाच कळतात, आणि तेही त्याने मोठ्याने वाचले तर.

तेव्हा दर शनिवारी दुपारी आम्ही सहा-सात जण बसतो. शाळकरी मुले पडद्यावरची नोंद वाचतात, वडीलधारी मंडळी कपाटातील पुस्तक काढून ताडून पाहतात. मुलांची मराठी घरापुरतीच. 'स्मरणार्थ' हा शब्द वाचताना एकीची बोबडी वळली, तर तिच्या आजोबांनी तो फोडून सांगितला. मग पुढच्या नोंदीवर तिने स्वतःच्याच पणजीचे नाव वाचले. पणजीने १९६१ साली बारा पुस्तके दिली होती, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ती बारा पुस्तके आम्ही शोधली, अकरा सापडली. बाराव्यापुढे अक्कांचा शेरा होता : 'वाचावयास नेले, परत आले नाही, मागू नये, घरी दुखवटा आहे.'

सूची आता लेखकांच्या आडनावांच्या क्रमाने लावता येते, जे जुन्या फॉन्टात कधीच साधले नव्हते. या शनिवारी आम्ही 'म' या अक्षरापाशी आलो आहोत.